शिकवणाऱ्याची मजुरी

सोलापूर,
८ डिसेंबर

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "वर्षभर पोरांना पैसे द्यायचे, शिकवायचं, आणि मग ती पुण्याला जाणार. तुझ्या शेठला यात मिळतं काय?" दुसरी पाळी सुरू होत होती, मागांच्या आवाजात धड बोलता आलं नाही. पण प्रश्न खरा आहे, आणि शेठनीही मला तोच विचारलाय. आमच्या टॉवेलच्या कारखान्यात पुढच्या तुकडीला किती शिकाऊ पदवीधर घ्यायचे, घ्यायचे की नाही, हे जानेवारीत ठरणार आहे. त्याआधी मला सगळं नीट मांडून पाहायचं होतं, आणि ते तुमच्यासमोर मांडण्यासारखं दुसरं ठिकाण नाही. आई, तूही ऐक. जेवताना ताण्या-बाण्याचीच बोलणी असलेल्या घरात तू संसार केलास, तुला यातलं काही परकं वाटणार नाही.

कायद्याचं आधी सांगून टाकते. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. पदवीधर आणि डिप्लोमावाले इंजिनियर त्यात १९७३ मध्ये आले, आणि इंजिनियरिंग सोडून इतर पदवीधर २०१४ च्या दुरुस्तीनंतर. ज्यांच्याकडे तीस किंवा जास्त माणसं आहेत त्यांनी अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यायलाच हवेत. २०१९ मध्ये पदवीधराला महिन्याला किमान ९,००० रुपये ठरले आणि राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेतून त्या किमान रकमेचा निम्मा भार केंद्र सरकार उचलतं. शिवाय २०२४ मध्ये राज्य सरकारने युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तिच्यात पदवीधराला महिना १०,००० सरकारनेच द्यायचं ठरलं. म्हणजे पोरं घेणं मालकाला फार महाग पडतं असं नाही. वर्ष संपल्यावर नोकरी दिलीच पाहिजे असंही कायदा म्हणत नाही. आणि नेमकं इथेच बिघडतं. स्वस्तात मिळालेल्या माणसाचा वेळही स्वस्त धरला जातो. त्याला फायली लावायला बसवतात, चहापाण्याची बिलं जुळवायला सांगतात, कुणी रजेवर गेलं की त्या टेबलावर सरकवतात. वर्षाच्या शेवटी सर्टिफिकेट.

माझंही पहिलं वर्ष असंच गेलं, तुम्हाला माहीत आहे. पुण्याच्या त्या कंपनीत ट्रेनी म्हणून लागले तेव्हा दोन वर्षांचा बॉण्ड होता, पदवीचं मूळ प्रमाणपत्र त्यांनी ठेवून घेतलं, आणि बाबा, तुम्ही जामीन म्हणून सही केली होती. सही करताना तुम्ही कागद दोनदा वाचलात आणि काही बोलला नाहीत. पहिला आठवडा एसी हॉलमध्ये भाषणं झाली, पिशवी मिळाली, डायरी मिळाली. त्यानंतर मला कोण शिकवणार हे कुणालाच माहीत नव्हतं. ज्यांच्या हाताखाली मी होते ते साहेब वाईट नव्हते. त्यांच्यावर महिन्याच्या मालाचा आकडा होता आणि मला समजावण्यात गेलेला तास त्यांच्या आकड्यातून वजा होत होता. हे तेव्हा मला दिसलं नाही, मला फक्त आपण नकोसे आहोत असं वाटायचं. बॉण्डने मला तिथे धरून ठेवलं खरं, पण त्या काळात कंपनीच्या हाती माझ्याकडून काही लागलं नाही, आणि माझ्याही हाती काही लागलं नाही.

आता इथलं सांगते.

आमच्याकडे यंदा मोहोळची एक पोरगी आहे, मेकॅनिकल झालेली. टॉवेल वजनाला हलका येतोय म्हणून एका खरेदीदाराची तक्रार आली होती. सत्तर बाय एकशेचाळीस सेंटिमीटरचा टॉवेल, पाचशे जीएसएमचा, चौरस मीटरला पाचशे ग्रॅम, म्हणजे एका नगाचं वजन ४९० ग्रॅम भरायला हवं. काही नग ४६५ भरत होते. खरेदीदार थोडं उणं-अधिक चालवून घेतो, पण एवढं नाही. सुपरवायझर म्हणाले सूत बारीक आलंय, सूतवाले म्हणाले धुताना-रंगवताना वजन घटतंय. मी त्या पोरीला काटा दिला आणि म्हटलं, हे तुझं काम. तक्रार तुझ्या नावावर, उत्तरही तुझ्या नावावर.

तिने काय केलं, तर प्रत्येक पाळीला प्रत्येक मागावरचे काही टॉवेल तोलायचे आणि शेजारी लिहायचं, त्या वेळी बीमवर, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेल्या रुळावर, किती सूत शिल्लक होतं. हे शेजारचं लिहिणं तिला कुणी सांगितलं नव्हतं. काही दिवसांनी तक्त्यात दिसायला लागलं की जुन्या मागांवर बीम भरलेलं असताना वजन बरोबर भरतं आणि बीम उतरत आलं की टॉवेल हलका होतो. तेही सगळ्या मागांवर नाही. पूर्व भागातले, तेलुगू बोलणारे एक अन्ना आहेत आमच्याकडे, साठीला आलेले. त्यांच्या मागांवर वजन शेवटपर्यंत तसंच.

ती तक्ता घेऊन अन्नांकडे गेली. तुम्ही हसाल आता, कारण उत्तर तुम्हाला वाचतानाच कळलं असेल. अन्नांनी तिला मागामागे नेलं, टॉवेलावर जे लूप, म्हणजे सुताचे फासे, उभे राहतात त्यांच्या बीमवरच्या ताण्यावर तिचा तळवा ठेवला आणि म्हणाले, बघ किती कडक आहे. मग दोरीला टांगलेलं वजन थोडं सरकवलं आणि पुन्हा हात ठेवायला लावला. बीम जाड असतं तेव्हा सूत सहज ओढलं जातं. बीम बारीक झालं की तेच वजन सुताला जास्त आवळतं, ताणा कडक होतो, लूप आखूड उभा राहतो आणि टॉवेलातलं सूत कमी होतं. अन्ना अधूनमधून हाताने ताण बघून वजन सरकवत राहतात. नवे विणकर सरकवत नाहीत, कारण त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. पोरीने कॉलेजात टॉर्क, म्हणजे फिरवणाऱ्या जोराचा हिशेब, शिकलेला, तिने तो वहीत मांडला. बीमचा व्यास एवढा झाला की वजन इथे, असा तक्ता तयार केला आणि मागाच्या दांडीवर रंगाने खुणा केल्या. आता नवा माणूसही खूण बघून वजन हलवतो.

बाबा, शेठला काय मिळतं याचं माझं उत्तर हे आहे. अन्नांची मुलं मागावर येणार नाहीत, एक बँकेत आहे, एक हैदराबादला. १८७७ पासून गिरण्या चालवलेल्या या गावात अशी किती माणसं हातात विद्या घेऊन घरी बसली असतील. कामगार पोरगं ती विद्या हातात घेतं, तेही हवंच. पण शिकलेलं पोरगं ती कागदावर आणतं, मोजतं, दहा मागांवर लावतं. तक्ता अन्नांना एकट्याने करता आला नसता, आणि ताण्यातली गोष्ट पोरीला एकटीला कळली नसती.

पण हे घडलं कसं ते जास्त महत्त्वाचं आहे. आधीच्या तुकडीत याच अन्नांकडे पोरं पाठवली तेव्हा ते "नंतर ये बाबा" म्हणून टाळायचे. ऑफिसातले म्हणायचे, जुनी माणसं विद्या लपवतात. मला ते पटेना, आणि पटेना ते तुमच्यामुळे. गिरणीत जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम, असताना तुम्ही बदलीवर आलेल्या तात्पुरत्या पोरांना माग थांबवून शिकवायचात. ताण्यातली तुटलेली तार, म्हणजे धागा, कशी शोधायची, गाठ कशी मारायची, फणीत कशी ओवायची, पोराला येईपर्यंत तिथेच उभे राहायचात. तुमचा पगार महिन्याचा होता. गिरणी बंद पडली आणि तुम्ही कारखान्यात गेलात, तिथे मजुरी नगावर. तेव्हा आई एकदा म्हणाली होती, "हल्ली हे कुणाला शिकवत नाहीत, चिडतात." माणूस तोच होता. माग थांबला की घरात येणारा पैसा थांबत होता, एवढाच फरक.

अन्नांचंही तेच. त्यांना विचारलं तर सरळ म्हणाले, पोरीला तासभर शिकवलं तर त्या तासाचे टॉवेल मला कोण देणार? म्हणून यंदा मी प्रॉडक्शन मॅनेजरशी भांडून एक गोष्ट करून घेतली. जो शिकवेल त्याला शिकवण्यात गेलेल्या वेळेची मजुरी त्याच्या सरासरीने मिळेल. हजेरीत तशी नोंद होते. रक्कम फार नाही. पण त्या आठवड्यापासून अन्ना तिला स्वतः हाक मारायला लागले. ती तेलुगूचे चार शब्दही शिकली त्यांच्याकडून.

म्हणून शेठसमोर मी सगळ्यात आधी हीच मागणी ठेवणार आहे. शिकवणाऱ्याची मजुरी हा खर्च हिशेबात धरायचा. भाषणं, पिशव्या, फोटो यांत जाणारा पैसा इकडे वळवला तरी भागेल.

बाकी ज्या गोष्टी सांगणार आहे त्या साध्या आहेत. वार्पिंग (ताणा भरणं), साइझिंग (सुताला खळ लावणं), माग, डाईंग, शिलाई, पॅकिंग असं पोरांना सगळीकडे फिरवायचं, ते आम्ही करतोच, पण नुसतं फिरवलं की ती पाहुण्यासारखी येऊन जातात. फिरून झाल्यावर एक अडचण त्यांच्या हवाली करायची, खरी, जी सुटली तर पैसे वाचतात आणि नाही सुटली तर दुखतं. आणि ती अडचण पोराच्या आवाक्यातली आहे ना, हे आपण आधी तपासायचं. ज्या खात्यात मॅनेजरलाच तोड सापडत नाही तिथे नव्या पोराला ढकलून देणं हा अन्याय आहे.

दुसरं, मुलाखतीला आलेल्या पोरांना आधी मागाच्या शेडमध्ये उभं करायचं. मे महिन्यातलं सोलापूरचं ऊन आणि वर पत्र्याची शेड, कापसाची धूळ, आवाज, सगळं बघू दे. वर्षानंतर पगार किती होईल तोही आकडा तेव्हाच सांगायचा. काही जणं तिथूनच परत जातील. जाऊ देत. तिसऱ्या महिन्यात न सांगता यायचं बंद करण्यापेक्षा ते दोघांनाही बरं. आणि नोकरी देणार की नाही हे वर्ष संपायच्या दोन-तीन महिने आधी तोंडावर सांगायचं. घरून रोज फोन येत असतो, "कायम झालास का?" त्या पोराला उत्तर द्यायला काहीतरी हवं. तुम्ही दोघांनी मला तो प्रश्न कधी विचारला नाहीत. विचारायचा टाळत होतात, हे मला नंतर कळलं.

पैशांचंही बोलणार आहे. मंगळवेढ्याहून, बार्शीहून आलेल्या पोराला खोलीचं भाडं, मेस आणि अक्कलकोट रोडच्या कारखान्यात रोज जाणं-येणं नुसत्या किमान रकमेत जमत नाही. कायद्याने किमान सांगितलं आहे, तेवढंच द्या असं सांगितलेलं नाही. आणि दुसरी पाळी सुटल्यावर पोरींना घरापर्यंत सोडायला गाडी हवीच, याबाबतीत मी मागे हटणार नाही.

राहिला पुण्याचा प्रश्न. जाणार, काही जाणार. आपल्या गावातून सकाळची पुण्याची गाडी, हुतात्मा एक्स्प्रेस, भरून जाते ती उगीच नाही. शेठना वाटतं बॉण्ड करावा. मला वाटतं करू नये, आणि मूळ प्रमाणपत्र तर मुळीच ठेवून घेऊ नये. मनाविरुद्ध थांबलेला माणूस खुर्ची अडवतो. मी इतक्या दिवसांत पाहिलं ते असं की ज्यांना कुणी विचारत नाही ती पोरं लवकर जातात आणि ज्यांच्या नावावर काहीतरी उभं राहिलेलं असतं ती रेंगाळतात, विचार करतात. मोहोळच्या पोरीला पुण्याहून बोलावणं आलं होतं. ती अजून इथे आहे. पुढे गेलीही तरी खुणा मागावर राहतील आणि अन्नांनी सांगितलेलं वहीत राहील. वर्षभराच्या पैशाचं तेवढं फळ मला पुरेसं वाटतं. तुम्हाला कमी वाटत असेल तर तसं सांगा, मला शेठसमोर जायच्या आधी ऐकायचंय.

आणि बाबा, एक काम आहे तुमच्याकडे. जूनच्या तुकडीसाठी पाच-सहा जॉबर आणि विणकर निवडायचे आहेत शिकवणारे म्हणून. कुणाला काम येतं हे मला कळतं, पण कुणाला शिकवता येतं हे ओळखायचं कसं ते कळत नाही. उत्तम कारागीर असलेला एकजण पोराच्या हातून चूक झाली की साधन हिसकावून घेतो आणि स्वतः करून मोकळा होतो. त्याला घ्यावं का? बदली पोरांतून तुम्ही माणूस कसा पारखायचात, काय बघायचात, हे मला हवंय. गुडघा बरा असेल तर जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला दोघंही या, दादाला मी सांगते. एक दिवस कारखान्यात नेईन. शेडमध्ये फार उभं राहायचं नाही, खुर्ची ठेवते. अन्नांना मी तुमच्याबद्दल सांगितलंय, ते तुमच्याच गिरणीत शेवटी शेवटी बदलीवर होते म्हणे. कोणत्या खात्यात ते विचारायचं राहिलं.

आई, शेंगाची चटणी आणि कडक भाकरी शेजारच्या काकूंच्या मुलाबरोबर रविवारी पाठवतेय. चटणी या वेळी जरा कमी तिखट करायला सांगितली आहे, बाबांच्या पित्तासाठी. तुझ्या गोळ्या संपत आल्या असतील, दादाला आठवण कर. बाबांना हे पत्र एका बैठकीत वाचायला लावू नकोस, डोळ्यांत थेंब घालायचे आहेत अजून.

उत्तर फोनवर नको, लिहून पाठवा. मला ते शेठना दाखवायचंय.

तुमची लेक