पॅप स्मिअर 'नॉर्मल', म्हणून निर्धास्त?

महोदय,

पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा अंगावरून रक्त जाऊ लागले, तरी पुष्कळ जणी 'पॅप स्मिअर नॉर्मल आहे' म्हणून गप्प बसतात. पण ती तपासणी गर्भाशयाच्या मुखाची; आतल्या अस्तराचा कर्करोग तिच्यात सापडेलच असे नाही. त्यासाठी योनीमार्गातून सोनोग्राफी करून अस्तराची जाडी मोजतात. ती ४ मिलिमीटर किंवा कमी असेल तर कर्करोगाची शक्यता फारच थोडी. (पाळी चालू असलेल्यांना हा आकडा लागू नाही, त्यांचे अस्तर महिनाभर कमीजास्त होतच असते.) तरीही रक्तस्राव पुन्हा पुन्हा होत असेल, तर या आकड्यावर विसंबू नये. काही आक्रमक कर्करोग पातळ अस्तरातही दडून असतात.

शेवटचा शब्द बायोप्सीचाच, म्हणजे अस्तराचा नमुना काढून तपासण्याचा. बारीक लवचिक नळीने काही मिनिटांत नमुना घेतात, बहुधा पूर्ण भूल न देता. दुखते, पण थोडाच वेळ. मात्र ही नळी न पाहता फिरवलेली असते, एखादा पॉलिप (अस्तरावर वाढलेला कोंब) निसटू शकतो. मग हिस्टेरोस्कोपीच्या, म्हणजे गर्भाशयात घातलेल्या दुर्बिणीतून बघून तुकडा घ्यावा लागतो. अहवालात 'एटिपिकल हायपरप्लेशिया' (बिघडलेल्या पेशींमुळे अस्तर जाड होणे) असे लिहिले असेल, तर ती कर्करोगाची पूर्वावस्था असते. 'अस्तर जरा जाड झालंय' एवढे ऐकून फाइल कपाटात ठेवू नका.

– एक वाचक