ओहायोच्या गव्हर्नर साहेबांना खुलं पत्र : कॅम्पसवर भरलेल्या रायफली नकोत

मा. गव्हर्नर साहेब,

मी क्लीव्हलँडजवळ राहणारा एक मराठी बाप. इंग्रजी प्रत तुमच्या ऑफिसला पाठवलीये, इथे मराठीत टाकतोय कारण आपली बरीच मुलं ओहायोत शिकतात आणि त्यांच्या आईबापांनी पण हे वाचावं. मुलीला केंट स्टेट युनिव्हर्सिटीत सोडायला गेलो तेव्हा प्रेंटिस हॉलचं पार्किंग पाहिलं. तिथे चार जागा खांब लावून राखून ठेवल्यात, कुणी गाडी लावत नाही, कारण 4 मे 1970 ला नॅशनल गार्डच्या (म्हणजे राज्याच्या राखीव सैन्याच्या) गोळ्या लागून बरोब्बर तिथे चार पोरं पडली.

झालं असं की 30 एप्रिलला राष्ट्राध्यक्ष निक्सननी व्हिएतनाम युद्ध वाढवत कंबोडियात सैन्य घुसवल्याचं टीव्हीवर सांगितलं आणि देशभर कॉलेजं पेटली. केंटमध्ये आरओटीसीची (कॉलेजातच लष्करी अधिकारी घडवणाऱ्या कोर्सची) बिल्डिंग जाळली गेली, ते चूकच होतं, मी त्याची बाजू घेत नाहीये. मेयरनी नॅशनल गार्ड मागवलं. 3 मेला तेव्हाचे गव्हर्नर जेम्स ऱ्होड्स स्वतः केंटला आले आणि आंदोलकांना हिटलरच्या ब्राउनशर्टवाल्या गुंडांपेक्षा वाईट म्हणाले. दोन दिवसांनी त्यांच्या सिनेटच्या तिकिटाची प्रायमरी, म्हणजे पक्षातली निवडणूक, होती! (ती ते हरले, पण 1974 ला पुन्हा गव्हर्नर म्हणून निवडून आलेच.) ज्या खुर्चीवरून ते शब्द आले त्याच खुर्चीवर आज तुम्ही आहात म्हणून तुम्हालाच लिहितोय.

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराच्या आत 28 गार्ड्सनी 13 सेकंदात साठाच्या वर गोळ्या झाडल्या. मेलेल्या चौघांत जेफ्री मिलर सगळ्यात जवळ, तरी 80 मीटरवर होता. अॅलिसन क्राउझ शंभर मीटरच्या पलीकडे. सँड्रा शूअर तर आंदोलनात नव्हतीच, क्लासला चालली होती, आणि विल्यम श्रोडर स्वतः आरओटीसीत शिकत होता. हे दोघं जवळपास 120 मीटरवर होते, तिथून कोण कुणाला दगड मारतं हो? नऊजण जखमी झाले, त्यातला डीन केलर जन्मभर व्हीलचेअरवर. टेकडीवर लोखंडी शिल्प आहे, त्याच्या जाड पत्र्यातून गोळी आरपार गेलीये, ते भोक अजून आहे, मी बोट लावून पाहिलं, आणि मग मला मुलीकडे बघवेना.

आणखी रक्त सांडलं असतं. गोळीबारानंतर चिडलेली मुलं उठायला तयार नव्हती, तेव्हा ग्लेन फ्रँक नावाचे जिऑलॉजीचे प्रोफेसर अक्षरशः गयावया करून त्यांना घरी पाठवत होते. ते होते म्हणून वाचलं. अकराच दिवसांनी मिसिसिपीत जॅक्सन स्टेटला पोलिसांनी मुलींच्या हॉस्टेलवर गोळ्या चालवल्या, दोन पोरं गेली, आणि ती काळी होती म्हणून त्यांची आठवण कमी काढतात हे मला फार लागतं.

निक्सननीच नेमलेल्या स्क्रँटन चौकशी कमिशननी केंटचा गोळीबार अनावश्यक, असमर्थनीय आणि अक्षम्य ठरवला. पुढे असंही लिहिलं की विद्यार्थ्यांसमोर उभ्या केलेल्या गार्ड्सच्या हातात सरसकट भरलेल्या रायफली देणं ही शेवटची वेळ असावी. शिक्षा मात्र कुणालाच झाली नाही. 1974 ला आठ गार्ड्सवरचा खटला जजनी मधेच काढून टाकला, आणि 1979 ला 6,75,000 डॉलर आणि खेदाच्या एका पत्रावर सगळं मिटवलं.

माझं मागणं एकच आहे. कमिशनचं ते वाक्य तुमच्या सहीने लेखी आदेश म्हणून काढा. ओहायोत कुठल्याही कॅम्पसवर गार्ड पाठवायची वेळ आली तर रायफलीत गोळ्या असणार नाहीत हे गार्ड पोचायच्या आधी, तुमच्या तोंडून, आम्हा आईबापांना कळू दे. आणि 3 मेच्या रात्री तिथे मेणबत्त्या घेऊन चालतात, दरवर्षी, 1971 पासून. त्या रात्री या. मी आणि माझी मुलगी असणार आहोत.

आपला,
केंट स्टेटच्या एका विद्यार्थिनीचा बाबा