घरांबरोबर गावही वाढू द्या : ब्रिटनच्या गृहनिर्माण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मंत्री, गृहनिर्माण, समुदाय व स्थानिक शासन,
२, मार्शम स्ट्रीट, लंडन

माननीय मंत्रिमहोदय,

केंब्रिजशरमधल्या एका वाढत्या गावातून हे पत्र लिहिते आहे. इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे पाठवली आहे. मराठीत अशासाठी लिहिते, की इथल्या गावांच्या कडेला उभ्या राहणाऱ्या नव्या वसाहतींत बरीच मराठी कुटुंबं घर घेत आहेत. सही करण्याआधी त्यांनी हे वाचावं.

आपल्या सरकारने या संसदेच्या काळात १५ लाख घरं बांधण्याचं वचन दिलं आहे. माझा त्याला विरोध नाही. मी स्वतः नव्या घरात राहते, आणि इथेच वाढलेल्या मुलांना गावात घर परवडत नाही हे शेजाऱ्यांकडून ऐकते. मागणं एवढंच आहे, की घरांबरोबर मंजूर झालेल्या सोयी घरांबरोबरच याव्यात.

१९९० च्या टाउन अँड कंट्री प्लॅनिंग कायद्याच्या कलम १०६ खाली बिल्डर आणि कौन्सिल, म्हणजे इथली स्थानिक स्वराज्य संस्था, यांच्यात करार होतो. शाळेचे जादा वर्ग, दवाखान्याचा विस्तार, खेळाचं मैदान यांसाठी किती पैसे आणि केव्हा द्यायचे, हे त्यात ठरतं. सगळं अडतं ते या 'केव्हा'पाशी. बरेचदा ठरावीक घरांत लोक राहायला आले की पहिला हप्ता, आणखी काही भरली की दुसरा. म्हणजे माणसं आधी, पैसे नंतर आणि बांधकाम त्याहून नंतर. शिवाय घरांची परवानगी डिस्ट्रिक्ट कौन्सिलची, शाळा त्याहून मोठ्या भागाच्या काउंटी कौन्सिलकडे, दवाखान्याचा निर्णय एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या बोर्डाकडे. या सगळ्यांचा मेळ बसेपर्यंत आज शाळेत पाऊल टाकणारं मूल निम्मी प्राथमिक शाळा पार करतं. आमच्याच काउंटीतल्या नॉर्थस्टोचं उदाहरण घ्या. १०,००० घरांचं हे नवं शहर. २०१७ मध्ये पहिली कुटुंबं राहायला आली आणि पाच वर्षांनंतरही तिथे स्वतःचा दवाखाना नव्हता. आखीव शहराची ही गत, तर वाढत चाललेल्या खेड्याकडे कोण बघणार?

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गावाच्या हॉलची. इंग्लंडच्या ग्रामीण भागात असे १०,००० हून अधिक हॉल आहेत, त्यातले कित्येक पहिल्या महायुद्धात मारल्या गेलेल्या गावच्या मुलांच्या स्मरणार्थ उभारलेले. आमच्या हॉलमध्ये सकाळी तान्ह्या मुलांचा गट भरतो, दुपारी ज्येष्ठांची पंगत बसते, संध्याकाळी ब्राउनीजच्या (गर्ल गाइडच्या धाकट्या गटाच्या) मुली येतात आणि निवडणुकीला तेच मतदान केंद्र असतं. या देशात मला शेजार मिळाला तो तिथेच. दिवाळीच्या फराळाला आम्ही गावाला बोलावलं, तेव्हा चकलीची कृती विचारायला आलेल्या आजीबाईंनी पुढे मला गावजत्रेच्या समितीवर घेतलं. आता गाव कितीतरी वाढलं, हॉल तेवढाच राहिला. मुलांच्या गटांना प्रतीक्षायादी आहे आणि कारभार सांभाळणारे स्वयंसेवक सत्तरी ओलांडलेले आहेत. नव्या माणसांना जुन्यांशी ओळख करून घ्यायला जागाच उरली नाही, तर एका नावाची दोन गावं होतील.

ती होऊ लागलीही आहेत. आमच्या वसाहतीतली हिरवळ, खेळाची जागा, पावसाच्या पाण्याचं तळं आणि आतले काही रस्ते कौन्सिलने ताब्यात घेतलेले नाहीत. एक खासगी कंपनी त्यांची देखभाल करते आणि दरवर्षी आम्हाला बिल पाठवते. कौन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टी, पूर्ण भरायचा, वर हे. बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या कॉम्पिटिशन अँड मार्केट्स ऑथॉरिटी या सरकारी संस्थेच्या फेब्रुवारी २०२४ च्या अहवालानुसार, सर्वात मोठ्या ११ बिल्डरांनी २०२१-२२ मध्ये विकलेल्या नव्या घरांपैकी ८० टक्के घरांवर असा आकार होता. पुण्या-मुंबईत सोसायटीचा मेंटेनन्स भरलेल्या माणसाला यात वेगळं काही वाटत नाही, आणि तिथेच तो फसतो. सोसायटीत सभासद म्हणून वार्षिक सभेत हिशेब तरी मागता येतो. इथे अनेक वसाहतींत कंपनी बदलण्याचा अधिकारही घरमालकांना नाही. मग जुन्या गावातली मुलं आमच्या झोक्यांवर आली, की व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात कुणीतरी लिहितं, "पैसे आम्ही भरतो." मुलांच्या झोक्यावरून आमचं-तुमचं सुरू व्हावं, याचं मला फार वाईट वाटतं.

बसचं थोडक्यात सांगते. एका फेरीच्या भाड्याची मर्यादा जानेवारी २०२५ पासून ३ पौंड झाली. आमच्या पोरांना भाड्यापेक्षा संध्याकाळच्या बसची गरज आहे. ती नसल्याने गाडी न चालवणारी पोरं आणि म्हातारी माणसं अंधार पडला की घरात अडकतात.

म्हणून विनंती अशी : हॉल, खेळाची जागा आणि बस यांचे पैसे पहिलं घर राहतं होण्याआधी जमा व्हावेत, असं बंधन कलम १०६ च्या करारांवर घाला. वसाहतींमधल्या मोकळ्या जागा कौन्सिलने किंवा पॅरिशने (गावपातळीवरच्या, आपल्या ग्रामपंचायतीसारख्या संस्थेने) ताब्यात घेणं सक्तीचं करा. आणि करार ठरताना पॅरिश कौन्सिलला टेबलावर जागा द्या. कम्युनिटी इन्फ्रास्ट्रक्चर लेव्ही हा नव्या बांधकामावरचा आकार जिथे लागू आहे, तिथे स्वतःचा नेबरहूड प्लॅन (गावाने केलेला विकास आराखडा) असलेल्या पॅरिशला त्यातला २५ टक्के वाटा मिळतो. कलम १०६ च्या पैशांत असा हक्काचा वाटा नाही. डिस्ट्रिक्ट आणि काउंटी एकत्र करून मोठी कौन्सिलं करण्याचं आपलं धोरण आहे. शाळा आणि घरं एका छताखाली येतील हे चांगलंच, पण निर्णय गावापासून आणखी लांब जाईल. त्यामुळे पॅरिशचा आवाज आताच पक्का करायला हवा.

माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं. ग्रामसभेत उभं राहून पाण्याच्या टाकीचा हिशेब मागणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. इथेही १ मार्च ते १ जून या काळात पॅरिशच्या मतदारांची वार्षिक सभा होते आणि राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून भारतीयांनाही इथे मताचा हक्क आहे. हे वाचणाऱ्या मराठी मंडळींनी आपापल्या गावच्या सभेला जरूर जावं. आमच्या सभेचं निमंत्रण इंग्रजी प्रतीसोबत जोडलं आहे. आपण यावं, येणं जमलं नाही तर वरच्या तीन मागण्यांचं लेखी उत्तर सभेपूर्वी पाठवावं. मी ते सभेत वाचून दाखवीन.

आपली,
केंब्रिजशरमधली एक मतदार