पोचलीस की मेसेज टाक

प्रिय मनू,

रात्रीच्या शिफ्टवरनं आपला वाद झाला आणि रविवारी तू फोन कट केलास, त्याचा मला राग नाही. आई म्हणाली आता दोन दिवस गप्प बसा, पोरीला जरा श्वास घेऊ दे, म्हणून बसलो गप्प. पण फोनवर माझं असंच होतं, सांगायचं असतं एक आणि तोंडातनं निघतं भलतंच, वर तुमच्याकडचा आवाज तुटत येतो, म्हणून लिहितोय. लांबेल, जेवताना वाच. आणि रात्रीच्या शिफ्टबद्दल यात एक अक्षर लिहिणार नाही असं आईला कबूल केलंय.

आधी चांगलं लिहितो. गॉलवेतल्या पबमधल्या त्या सेशनचा, म्हणजे एकत्र बसून वाजवण्याचा, व्हिडिओ मी परत परत बघितला. पब म्हटल्यावर मी जे बोललो ते बोललो, पण आत बघतो तर स्टेज नाही, माईक नाही, कोपऱ्यातल्या टेबलाभोवती फिडल, बासरी आणि तो बकऱ्याच्या कातड्याचा डफ, बाउरान, घेऊन माणसं बसलेली, समोर वही नाही की कागद नाही, एकजण सुरू करतो आणि बाकीचे उचलतात, मध्येच एक म्हातारा दारातनं येतो, खुर्ची ओढतो, पेटीतनं वाद्य काढतो आणि शिरतो त्यांच्यात. आपल्या गल्लीतलं शनिवारचं भजन दुसरं काय असतं गं? नंदूमामाला दाखवला तर म्हणाला बाउरानवाल्याचा हात चांगलाय, पण जरा जोरात वाजवतो. तुझ्या ग्लासात संत्र्याचा ज्यूस होता हे आईनं झूम करून बघितलंय, मी नाही.

फक्त त्या रात्री मेसेज आला नाही, एवढंच. तुझी शिफ्ट अकराला सुटते म्हणजे इथं पहाटेचे साडेचार. ऑक्टोबरपर्यंत साडेतीन होते, तुमची घड्याळं मागं गेली तशी मला तासभर जास्त झोप मिळायला लागली, हे आयर्लंड सरकारचे उपकार. पण जाग येतेच. बाथरूमला उठलो असं आईला सांगतो. मग तुझं 'पोचले' येतं आणि मी चहा ठेवतो. त्या दिवशी उजाडलं तरी चहा ठेवला नव्हता. फोन स्विच ऑफ. आता तू म्हणशील बॅटरी गेली होती, सांगितलं ना. सांगितलंस, दुपारी सांगितलंस. बघ, लिहिणार नाही म्हटलं होतं.

तू म्हणालीस, तुम्ही नाही का आयुष्यभर सेकंड शिफ्ट केली, तेव्हा तुम्हाला कोण विचारत होतं. विचारत होतं की. उद्यमबागेतल्या कारखान्यातनं साडेअकराला सुटायचो, लुनावरनं रेल्वेच्या तिसऱ्या गेटला यायचो, गेट पडलेलं असलं की मालगाडीचे डबे मोजत पावसात उभा, आणि घरी आलो की आज्जी ओट्यावर, गुडघ्यावर घोंगडं टाकून. काही बोलायची नाही, मी गाडी स्टँडला लावली की उठून आत जायची. मला तेव्हा वैताग यायचा, लग्न झालेला माणूस मी, दोन पोरांचा बाप, आणि ही बसलीये. तुझ्या आईला म्हणायचो सांग तिला काहीतरी. आता मी काय सांगणार तुला, तू पण वैतागच, पण मेसेज टाक.

तू गॉलवे म्हणालीस त्या दिवशी आई स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही, हे तुला तेव्हा सांगितलं नाही. तू शाळेत होतीस २०१२ ला. सविता हलप्पनवर आपल्या बेळगावची पोरगी, दातांची डॉक्टर, ३१ वर्षांची, २८ ऑक्टोबरला तिकडं गॉलवेत गेली. पोटातलं मूल वाचणार नाही हे ठरलेलं, तिनं गर्भपात मागितला, कायद्यावर बोट ठेवून नाही म्हणाले, आणि मग सेप्टिक होऊन गेली. कॅम्पात, टिळकवाडीत, भाजीबाजारात कितीतरी दिवस दुसरं बोलणं नव्हतं. आईच्या डोक्यात गॉलवे म्हणजे तेवढंच. मी तिला सांगितलं, अगं त्याच देशातल्या लोकांनी पुढं २०१८ ला मतदान करून गर्भपातबंदीचं ते कलम काढून टाकलं, शंभरात ६६ माणसं बाजूनं, आणि सविताच्या आईवडिलांनी इथं बसून त्या लोकांना विनंती केली होती. आई म्हणाली, बरोबर आहे, पण त्यांची पोरगी? यावर मला काही बोलता आलं नाही, पण तुझ्या फॉर्मवर तिनंच सही करायला लावली मला, हेही तू लक्षात ठेव.

त्यात २०२५ चा ऑगस्ट. तुझा व्हिसा हातात, तिकीट काढलेलं, आणि तिकडं डब्लिनजवळ टाला भागात आपल्या माणसाला पोरांच्या टोळक्यानं मारलेलं, मग १ ऑगस्टला आपल्या एम्बसीनं पत्रक काढलं, निर्जन जागी जाऊ नका, अवेळी फिरू नका, आणि मग वॉटरफर्डला त्या सहा वर्षांच्या मुलीला मारलं. फिनिक्स पार्कातला इंडिया डे पुढं ढकलला. रोज कोणीतरी ती लिंक पाठवायचा, तुझ्या आत्यानं तर तीच तीच पाठवली. मी म्हणायचो आपल्याकडं काय कमी आहे का, दिल्ली बघा, बंगळूर बघा. लोकांपुढं मी असंच बोलतो. तुमच्या गॉलवेच्याच बाई, कॅथरिन कॉनोली, आयर्लंडच्या राष्ट्रपती झाल्या तेव्हा आत्याला मुद्दाम फोन करून सांगितलं, बघ, कसलं गाव आहे. तिला काय कळलं माहीत नाही, पण मला बरं वाटलं.

आणि तिकडची माणसं चांगलीच आहेत हे मला तुझ्या बोलण्यातनं दिसतंच की. बसमधनं उतरताना प्रत्येकजण ड्रायव्हरला थँक्यू म्हणतो हे ऐकल्यापासनं मी पण परवा सिटी बसच्या ड्रायव्हरला म्हटलं, त्याला वाटलं सुट्टे मागतोय. तुझ्या घरमालकीण आज्जीनं हॅलोविनला तो बार्मब्रॅक ब्रेड केला, मनुका घातलेला, आणि अंगठी नेमकी तुझ्या तुकड्यात निघाली, वर्षात लग्न होणार म्हणे. हे तू ग्रुपवर कशाला टाकलंस? आत्याकडनं दोन बायोडाटा आलेत, एक निपाणीचा, एक पुण्याचा. मी उत्तर दिलेलं नाही.

त्या आज्जींना माझा नमस्कार सांग. त्या रात्री जाग्या असतात का गं तू येईपर्यंत? सहज विचारतोय.

आता थोडं महत्त्वाचं. मी मॅपवर बघितलं, कीस्ट्रीटवरनं तुझ्या घरापर्यंत चालत पंचवीस मिनिटं दाखवतंय, आणि तो एक रस्ता मध्ये कालव्याच्या कडेनं नेतो. त्या वाटेला झाडं आहेत, दिवे लांब लांब आहेत, आणि कॉरिब नदीला ओढ किती आहे ते तूच दाखवलं होतंस त्या पुलावरनं. तिकडनं यायचं नाही. मोठ्या रस्त्यानं ये, पाच मिनिटं जास्त लागू देत. कानात ते ईअरफोन घालून चालायचं नाही. पोरांचं टोळकं दिसलं की रस्ता ओलांडायचा, कुणी काही बोललं तरी उत्तर द्यायचं नाही, इंग्लिशचं एमए तिथं दाखवायचं नाही. ११२ स्पीड डायलला ठेव. चार-साडेचारलाच काळोख पडतो तुमच्याकडं, म्हणजे अकरा वाजेपर्यंत सात तासांची रात्र झालेली असते, आणि पाऊस, आणि ते वादळाचे पिवळे, नारंगी, लाल इशारे. हो, मी बघतो ते रोज. २०२५ च्या जानेवारीत तुमच्याच काऊंटीत वाऱ्याचा वेग ताशी १८० किलोमीटरच्या वर गेला होता.

झालं लेक्चर. सॉरी. तेवीस वर्षांच्या मुलीला रस्ता कसा ओलांडायचा ते सांगतोय. पण तू बघ, पाचवीत असताना दुसऱ्या गेटजवळच्या ट्यूशनमधनं तू एकटी येणार म्हणून हट्ट केलास, मी बरं म्हटलं, आणि सायकल घेऊन शंभर पावलं मागनं आलो. तू पेरू घेतलास एका बाईकडनं, पैसे कमी पडले तर तिला म्हणालीस उद्या देते, आणि तिनं दिला. मी विचार केला, ही कुठंही जगेल. तो पेरूवाला हिशोब मी दुसऱ्या दिवशी गुपचूप मिटवायला गेलो तर ती म्हणाली पोरगी सकाळीच देऊन गेली.

हे मी शॉपमध्ये कितीजणांना सांगितलंय. आता लेथवरची पोरं मला विचारतात, दादा, इंग्लिश शिकायला आयर्लंडला कशाला, इंग्लंडला का नाही? मी सांगतो अरे जगातलं चांगलं इंग्लिश त्या लोकांनीच लिहिलंय. हे तूच सांगितलेलं, मी माझं म्हणून सांगतो. लेखिका लेडी ग्रेगरीच्या कूल पार्कातल्या त्या झाडाचा फोटो माझ्या टूलबॉक्सच्या झाकणाला आतनं चिकटवलाय. येट्स, शॉ, सिंज, सगळ्यांनी त्या बीच झाडाच्या खोडावर आपली अक्षरं कोरलेली आणि आता त्याला कुंपण. आपल्या किल्ल्यात पोरं नावं कोरतात तर वॉचमन शिट्टी मारतो. लेडी ग्रेगरीचं घर पाडून टाकलं १९४१ ला आणि झाड तेवढं राहिलं, हे मात्र मला पटलं नाही. घर ठेवायला काय झालं होतं?

आणि ती रस्त्याची पाटी. वर आयरिश तिरक्या अक्षरात, खाली इंग्लिश, आणि स्पिडल गावाच्या बाजूला गेलं की नुसतं आयरिश. मी बेळगावात राहतो, पाट्यांवरनं इथं काय काय होतं ते तुला सांगायला नको, म्हणून मला वाटलं तिकडं भाषेचं एकदम मस्त चाललं असणार. मग तू म्हणालीस की शाळेत सगळे शिकतात, पण शाळेबाहेर रोज बोलणारे २०२२ च्या जनगणनेत ७२ हजारसुद्धा भरले नाहीत. एवढ्या पाट्या आणि एवढी माणसं. तू मंगळवारच्या आयरिशच्या क्लासला बसतेस ते बरं करतेस. सोडू नकोस.

पण ते दुसरं तू जे सहज सांगितलंस ना, अमेरिकन वेक, ते मला नको होतं सांगायला. १८४५ नंतर बटाट्यावर रोग पडला, दहा लाख माणसं मेली, दहा लाखांवर देश सोडून गेली, आणि पुढंही पोरं जातच राहिली, तेव्हा जायच्या आदल्या रात्री मयताला बसतात तसं सगळं गाव त्या घरात बसायचं, नाच, गाणी, चहा, रडणं, आणि सकाळी थोड्या अंतरापर्यंत सोबत चालत जायचं. कारण परत दिसणार नाही हे माहीत असायचं. तू हे अभ्यासाचं म्हणून सांगत होतीस आणि मला तुझी आदली रात्र दिसत होती. आत्या चिवडा भरत होती, दादा बॅग काट्यावर ठेवून तेवीस किलो, तेवीस किलो करत होता, शेजारच्या काकू उगीच येऊन बसलेल्या, नंदूमामानं पेटी काढली आणि तू म्हणालीस मामा आता नको. आम्ही सगळे हसत होतो. मी तुझ्या बॅगेची चेन दुरुस्त करत बसलो होतो, ती बिघडलेली नव्हती.

तू तर एका वर्षासाठी गेलीस. एकच ना? एमए झालं की स्टँप वन-जी नावाच्या परवानगीवर दोन वर्षं राहता येतं हे मला दादाकडनं कळलं. राहायचं असेल तर राहा, मी आडवा येणार नाही, पण मला दुसऱ्याकडनं कळू देऊ नकोस. हा विषय आता नको, पुढं बघू.

पैशाचं म्हणशील तर हप्ता नीट जातोय. तिकडं राहायच्या परवान्याचे, त्या आयआरपी कार्डाचे ३०० युरो तू तुझ्या पगारातनं भरलेस हे मी आईला सांगितलं, तिनं ते सगळ्या भिशीला सांगितलं. तासाला साडेतेरा युरो म्हणजे तेराशे रुपयांच्या वर, मला माहितीये तू ती शिफ्ट का सोडत नाहीस. आता आठवड्याला २० तास आहेत तोवर ठीक आहे. पण १५ डिसेंबरपासनं महिनाभर ४० तास करता येतात असं तू म्हणालीस तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. चाळीसच्या चाळीस रात्रीचे घेऊ नकोस. दुपारचे मिळतात का विचार, मॅनेजरला सांग घरचे जुन्या वळणाचे आहेत, माझ्यावर ढकल. आणि नाताळच्या दिवशी तिकडं बस नाही, ट्रेन नाही, सगळं बंद असतं हे वाचलं मी, त्या दिवशी कुणाकडं जेवायला गेलीस तर परत कशी येणार ते आधी ठरव, राहता आलं तर तिथंच राहा.

गुरुवारी कुरिअर करतोय. कुंदा जात नाही, दुधाचं काहीच घेत नाहीत, त्यावरनं आई दोन दिवस त्या सगळ्या युरोपवर चिडून आहे. मेतकूट, जवसाची चटणी, लाल तिखट आणि लोकरीचे मोजे आहेत. तळाशी आमच्या शॉपमधलं पिवळं रिफ्लेक्टर जॅकेट ठेवलंय, नवीन आहे, स्टोअरमधनं सही करून घेतलंय. तुझ्या मैत्रिणी हसतील. कोटावरनं घाल, आत घालून उपयोग नाही, लाइट पडला पाहिजे त्यावर.

पुढच्या आठवड्याचं शिफ्टचं टाइमटेबल आलं की फोटो काढून पाठव. मला नको, आईला पाठव, मी बघेन.

तुझा,
पप्पा

ता.क. आई म्हणते बायोडाटातला निपाणीचा मुलगा बरा दिसतो. मी फक्त निरोप दिला.