गोळी मिळाली असती तर पोरगी भाजली नसती

प्रति,
मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूर जिल्ह्यातला, गगनबावड्याकडचा ऊस शेतकरी. माझ्या मुलीला फिट येते. कार्बामाझेपिनची गोळी सकाळ-संध्याकाळ पोटात गेली की ती ठणठणीत असते. कॉलेजला जाते, म्हशीची धार काढते. गेल्या वर्षी शिबिरात माइकवरून सांगितलं होतं, या गोळ्या आता गावाजवळच्या आरोग्य केंद्रातच मिळतील. या महिन्यात गेलो तर उत्तर आलं, "वरूनच स्टॉक नाही." शहरातल्या सरकारी दवाखान्यानं बाहेरची चिठ्ठी हातात दिली. उसाचं बिल अडकलेलं. पैशाची जुळणी होईपर्यंत गोळ्यांत खंड पडला आणि भाकरी थापताना पोरीला फिट आली. उजवा हात तापल्या तव्यावर. बांगड्या काढताना कातडी त्यांना चिकटून आली, साहेब.

शेजारी कांदा हुंगवायला धावले, एकानं चप्पल काढली. त्यांना काय बोलू? कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, पाच मिनिटांत थांबली नाही तर 108ला फोन करा, एवढं सांगायला आमच्या वाडीत कुणी आलं नाही. 1999 साली हिंदू विवाह कायद्यातली, फिट येणाऱ्याच्या लग्नाला आड येणारी अट काढली म्हणतात. आमच्याकडं अजून स्थळ दारातून परत जातं. आता तर हातावर डागही आहे.

मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेनं आराखडा मंजूर केला: 2031 पर्यंत अपस्माराचे, म्हणजे फिटच्या आजाराचे, उपचार 2021 पेक्षा 50 टक्क्यांनी जास्त लोकांपर्यंत न्यायचे. जागतिक आरोग्य संघटनाच सांगते, जगात 5 कोटी रुग्ण आहेत, त्यातले 70 टक्क्यांपर्यंत लोक योग्य औषधांनी फिटशिवाय जगू शकतात, आणि खर्च माणशी वर्षाला 5 डॉलरपेक्षा कमी. म्हणजे चार-साडेचारशे रुपये. तेवढे सरकारकडं नाहीत? इमारतींना आहेत, उद्घाटनांना आहेत, फ्लेक्सना आहेत. खालचा म्हणतो मागणी पाठवली, वरचा म्हणतो निविदा अडकली, आणि सही कुणाची राहिली हे कुणीच सांगत नाही. पाणी असो, वीज असो, उसाचं बिल असो, सगळीकडं हेच. मतं मागायला मात्र वाडीपर्यंत गाड्या येतात.

आम्हाला नवं शिबिर नको. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात फिटच्या गोळ्यांचा तीन महिन्यांचा साठा ठेवा, संपल्यास जबाबदार कोण त्याचं नाव भिंतीवर लावा, आशाताईंना प्रथमोपचार शिकवा. याच महिन्यात लेखी आदेश काढा.

आपला,
एका मुलीचा बाप
गगनबावडा तालुका, जि. कोल्हापूर