जीबी मोजू नका, गर्दीची वेळ बघा

प्रति,
मा. अध्यक्ष,
सहकारी गृहनिर्माण संस्था, राजारामपुरी, कोल्हापूर

विषय : सामाईक इंटरनेटच्या जादा आकाराबाबत

स. न. वि. वि.

महिन्याला २०० जीबीच्या वर जाणाऱ्या फ्लॅटला जादा पैसे लावायचा प्रस्ताव शनिवारच्या सभेत आला, असं कळलं. मी तेव्हा शिरोलीला कामावर होतो, म्हणून लिहून देतोय. हा ठराव असाच पास करू नका.

मी फाउंड्रीसाठी पॅटर्नची थ्रीडी ड्रॉइंग करतो. फायली जड असतात, म्हणून रात्री १ वाजता पाठवायला लावून झोपतो. त्या वेळी आपली २०० एमबीपीएसची (म्हणजे सेकंदाला २०० मेगाबिट नेणारी) लाईन जवळजवळ रिकामीच असते. माझे जीबी भरपूर होतात, पण कुणाची वाट अडत नाही. रात्री ९ ला मात्र एकेक फोरके टीव्ही २५ एमबीपीएसच्या आसपास ओढतो. आठ टीव्ही लागले की लाईन भरली. मंगळवारी त्याच वेळी आई पुण्याच्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलत होती. रिपोर्ट कॅमेऱ्यासमोर धरून "दिसतंय काय?" म्हणून चार वेळा विचारलं तिनं. पलीकडं चित्र गोठलेलं. नुसत्या आवाजाला १ एमबीपीएसचा दहावा हिस्सा पुरतो, तोसुद्धा धड जाईना.

लाईनचं भाडं आपल्याला कितीही वापरलं तरी तेवढंच येतं. अडचण आहे ती रात्री ८ ते ११ ची. पूर्वी रात्री ११ नंतर एसटीडीला, म्हणजे परगावच्या फोनला, पाव दर असायचा आणि बूथबाहेर माणसं ११ वाजायची वाट बघत थांबायची, आठवत असेल. वेळेनुसार दर ठेवला की गर्दी आपणहून सरकते.

आधी राऊटरमध्ये, लाईन भरली की प्रत्येक फ्लॅटला सारखा वाटा मिळेल अशी सेटिंग करून घेऊ. २०१९ च्या महापुरात टँकरचं पाणी आपण घरटी घागरी मोजून वाटलं होतं, तसंच. एवढ्यानं भागलं तर जादा आकाराची गरजच नाही. नाही भागलं, तर त्या तीन तासांत वाट्याच्या वर ज्याला हवं, त्यानंच पैसे भरावेत, आणि ते पैसे लाईन वाढवायलाच वापरावेत. कुठलं ॲप, कुठली साइट यावरून दर वेगळा मात्र नको. इंटरनेट कंपन्यांनाही ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेनं २०१६ मध्ये त्याची मनाई केली आहे.

रविवारी सकाळी १० वाजता सेटिंग करायला मी येतो. राऊटरचा पासवर्ड सेक्रेटरींकडं आहे, तेवढा मिळावा.

आपला,
सभासद, फ्लॅट क्र. ३०४