पाच जागा कोणासाठी राखून ठेवल्या? मुख्यमंत्र्यांना खुले पत्र

16 ऑक्टोबर 2024

मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सविनय नमस्कार.

काल दुपारी निवडणूक आयोगाने विधानसभेच्या तारखा जाहीर केल्या. त्याच्या काही तास आधी विधान परिषदेच्या बारा राज्यपालनियुक्त जागांपैकी सात जागांवरच्या सदस्यांचा शपथविधी आपण उरकून घेतलात. अभिनंदन! चार वर्षं न हललेली फाइल आचारसंहितेच्या धाकाने धावत सुटली.

नोव्हेंबर 2020 मध्ये तेव्हाच्या मंत्रिमंडळाने बारा नावं राजभवनावर पाठवली. राज्यपालांनी ना हो म्हटलं, ना नाही. ऑगस्ट 2021 मध्ये उच्च न्यायालयाने सुनावलं की निर्णय वाजवी मुदतीत हवा, आठ महिने पुरेसे आहेत. ढिम्म. सप्टेंबर 2022 मध्ये तुमच्या सरकारने ती यादीच परत मागवली. आणि आता वाटणी: भाजप 3, शिवसेना 2, राष्ट्रवादी 2. कलम 171(5) मध्ये साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा एवढंच लिहिलं आहे. लोकसभेचं तिकीट कापलं जाणं यातल्या कोणत्या क्षेत्रात बसतं, तेवढं कळवा.

आम्हा वऱ्हाडातल्या माणसांना हा खेळ नवा नाही. नव्व्याण्णव वर्षांपूर्वी, याच ऑक्टोबरात, मध्यप्रांत-वऱ्हाडचे गव्हर्नर माँटेग्यू बटलर यांनी आपल्या कार्यकारी मंडळातली जागा अमरावतीचे वकील श्रीपाद बळवंत तांबे यांना दिली. तांबे कौन्सिलात शिरून सरकारला अडवू पाहणाऱ्या स्वराज्य पक्षाचे सभासद, आणि कायदे कौन्सिलचे, म्हणजे प्रांताच्या विधिमंडळाचे, अध्यक्ष. याच पक्षाने 1924 मध्ये मंत्र्यांचा पगार वर्षाला 2 रुपयांवर आणून द्विदल राज्यपद्धती (काही खाती मंत्र्यांकडे, बाकी गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडे) ठप्प केली होती. ज्या सरकारला अडवायचं, त्याच्याच खुर्चीवर पक्षाचा माणूस! बटलरसाहेबांचा हिशेब पक्का होता. 1919 च्या कायद्यानुसार बिनसरकारी सभासदाने सरकारी पद घेतलं की त्याची कौन्सिलातली जागा आपोआप रिकामी होई. मंत्री झाला तर नाही, पण कार्यकारी मंडळात गेला तर होई. एका नेमणुकीत अध्यक्षपद मोकळं, सभासदाची जागा मोकळी, आणि वर पक्षात भांडण.

पक्षाचे नेते मोतीलाल नेहरू पक्षाचा रोगट अवयव कापून टाकायची भाषा बोलू लागले. पक्षातल्याच केळकर, जयकर, मुंजे यांचा सवाल असा की मोतीलाल स्वतः सरकारने लष्करातल्या हिंदी अधिकाऱ्यांच्या प्रश्नावर नेमलेल्या स्कीन कमिटीवर बसले, विठ्ठलभाई पटेल दिल्लीच्या असेंब्लीचे अध्यक्ष झाले, मग तांब्यांनीच काय पाप केलं? फेब्रुवारी 1926 मध्ये अकोल्यात या मंडळींचा, पदं घ्यायला तयार असलेला प्रतियोगी सहकार पक्ष निघाला. एप्रिलमध्ये साबरमतीला दोन्ही गटांत समेट झाला, तो मंत्रिपदाच्या अटींचा अर्थ काय यावरून महिन्याभरात मोडला. त्याच वर्षीच्या निवडणुकीत स्वराज्य पक्षाचं प्रांतातलं बहुमत गेलं. पुढे 1929 मध्ये तांबे हंगामी गव्हर्नरही झाले.

तीही गटबाजीच होती, गोड करून सांगायचं कारण नाही. पण भांडण सभांत आणि वर्तमानपत्रांत उघड चाललं, आणि पद घ्यावं की नाही यावर चाललं. तुमच्या युतीत हा प्रश्न कोणाला पडतच नाही. कोणाला किती, एवढंच.

रिकामी जागा म्हणजे मतदारांची थकबाकी, हे कोणत्याच सरकारच्या गावी नाही. अकोला पश्चिमचे आमदार 3 नोव्हेंबर 2023 ला वारले. त्या दिवशी विधानसभेचं वर्ष आणि वर तेवीस दिवस शिल्लक होते. मतदान जाहीर झालं थेट 26 एप्रिल 2024 चं! निवडून येणाऱ्याला वर्षही मिळणार नाही म्हणून उच्च न्यायालयाने पोटनिवडणूक रद्द केली, ती रद्द होणारच होती. पुण्याचे खासदार 29 मार्च 2023 ला वारले, तिथेही लोकसभा संपेपर्यंत खासदार नाही. पुण्याजवळच्याच कसबा आणि चिंचवड विधानसभा मतदारसंघांत मात्र आमदार वारल्यावर दोन महिन्यांच्या आसपास मतदान उरकलं. रिकामी जागा सहा महिन्यांत भरायचा नियम देशभर एकच आहे म्हणे.

तेव्हा बारांपैकी पाच जागा अजून का रिकाम्या, हे आम्हाला कळत नाही असं समजू नका. काल सात भरता आल्या, तर बाराही भरता आल्या असत्या. नाराजांना दाखवायला गाजर हवं होतं. म्हणून मागणी एवढीच: सातही नावांपुढे कलम 171(5) मधलं क्षेत्र, त्यातलं काम आणि मंत्रिमंडळाच्या शिफारशीची तारीख प्रसिद्ध करा. आणि पाच जागांसाठी कोणाची नावं चर्चेत आहेत, तेही 4 नोव्हेंबरच्या आत सांगा. त्या दिवशी दुपारी तीनला अर्ज मागे घ्यायची मुदत संपते. त्या पाच जागांचा शब्द तोवर किती बंडखोरांना दिला जाईल, हे आम्ही मोजणार आहोत.

अकोला पश्चिमचा एक मतदार